परंपरेला मिळणारी चार मिनिटं

१९३६च्या उन्हाळ्यात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिनला गेलं. ऑलिंपिकच्या निमित्ताने तिथे जगभरचे शारीरिक शिक्षणाचे विद्यार्थी आणि शिक्षक जमले होते. त्यांच्यासमोर वऱ्हाडातल्या या मंडळींनी मल्लखांब, लेझीम, लाठी आणि आपले देशी खेळ करून दाखवले. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेल्या आखाड्याला तेव्हा जेमतेम बावीस वर्षं झाली होती, देश पारतंत्र्यात होता. सरकारी खात्याने सजवून पाठवलेला हा चमू नव्हता. काय दाखवायचं, कुठल्या क्रमाने दाखवायचं, हे ज्यांनी ते अंगात मुरवलं होतं त्यांनीच ठरवलं. हिटलरने कौतुक केलं असं आपल्याकडे अभिमानाने सांगितलं जातं. खरं तर त्या कौतुकापेक्षा ही ठरवण्याची मुभा मोलाची होती, पण तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

त्याच बर्लिनमध्ये यजमान काय करत होते? ऑलिंपियात सूर्यकिरणांवर मशाल पेटवून ती धावपटूंच्या हातून स्टेडियमपर्यंत आणायची प्रथा आज हजारो वर्षांची वाटते. ती काढली संयोजक कार्ल डीम यांनी, त्याच वर्षी. प्राचीन ग्रीसचा वारसा आपल्याकडे चालत आला आहे असं नाझी राजवटीला जगाला दाखवायचं होतं. यहुद्यांना मज्जाव करणाऱ्या पाट्या पाहुण्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून तेवढ्या दिवसांपुरत्या उतरवल्या गेल्या. परंपरा मिरवायची, गरज पडली तर नवी घडवायची आणि घरातलं नको ते झाकायचं, हे तिन्ही धडे पुढच्या यजमानांनी बर्लिनकडूनच उचलले.

हे सगळं आज आठवायला कारण आहे. २०३० सालच्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या. २६ नोव्हेंबर २०२५ रोजी ग्लासगोच्या सभेत निर्णय जाहीर होताच सभागृहात गरबा आणि ढोल सुरू झाले. म्हणजे पहिलं काम नाचाकडेच गेलं. आणखी तीन-चार वर्षांत निवडी सुरू होतील, राज्याराज्यांतून पथकं मागवली जातील. वाशिम जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातल्या आमच्या किन्हीराजासारख्या गावातून कोणी जाईल का, हा प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही. लेझीम, भजनाची पावली, बंजारा तांड्यावरची लेंगी, दंडार असा बराच ऐवज या पट्ट्यात आहे. त्यातलं काय उचललं जाईल आणि कुठल्या नात्याने, याचा अंदाज बांधायचा तर आधीच्या यजमानांनी काय केलं ते पाहावं लागतं.

आपलाच पहिला मोठा अनुभव १९८२च्या दिल्ली एशियाडचा. शुभंकर म्हणून अप्पू हत्ती, पंडित रविशंकरांनी बांधलेलं स्वागतगीत आणि जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर राज्याराज्यांची नृत्यं. महाराष्ट्राची लेझीमही तिथे वाजली. रंगीत दूरदर्शन त्याच वर्षी आलेलं असल्यामुळे देशाने स्वतःचे रंग पहिल्यांदा पडद्यावर पाहिले. २६ जानेवारीच्या चित्ररथांचा जो साचा आपल्याला पाठ आहे तोच तिथे वापरला गेला: एक राज्य, एक पोशाख, एक ताल, आणि पुढचं राज्य तयार. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धांत पैसा वाढला, तंत्र वाढलं. सुमारे ४० कोटींचा एक अवाढव्य फुगा मैदानावर तरंगत होता, खाली देशभरची तालवाद्यं, योगासनं आणि भारतीय रेल्वेची एक देखणी झलक. सोहळा चांगलाच झाला. पण त्याआधी महिनोन्‌महिने भ्रष्टाचाराच्या बातम्या सुरू होत्या, आणि त्या एका रात्रीत लोकांचं त्यांच्यावरून लक्ष उडालं. बर्लिनचा तिसरा धडा असा सौम्य रूपात आपल्याकडेही उपयोगी पडला.

स्टेडियममध्ये गेल्यावर एखाद्या कलेचं नेमकं काय होतं, हे लेझीमवरून चांगलं कळतं. लाकडी दांडा, त्याच्या दोन टोकांना अडकवलेली लोखंडी साखळी आणि साखळीत ओवलेल्या पातळ चकत्या, एवढंच ते साधन. दांडा आणि साखळी जवळ आली की खणकन वाजतं, लांब गेली की छन्न होतं. चार आवाज, आठ आवाज, दोन रुख असे प्रकार शाळेत शिकवतात. पण खेळ चालतो तो हलगीवर, आमच्याकडे डफड्यावर. वाजवणाऱ्याची नजर पोरांच्या पायांवर असते. पोरं रंगात आली की तो लय चढवतो, दमली की उतरवतो, एखादा चुकला तर एक आवर्तन जास्त घेऊन त्याला सावरून घेतो. किती वेळ खेळायचं हे आधी ठरलेलं नसतं. मोठ्या स्टेडियममध्ये मात्र संगीत बहुतेकदा आधीच ध्वनिमुद्रित असतं, कारण दूरचित्रवाणीला सेकंदाचा हिशोब लागतो. त्यामुळे वाजवणारा आधी गळतो. मग लय एकच ठेवावी लागते. शेवटी लेझीम उरते ती वरून घेतलेल्या चित्रासाठी, शेकडो हात एकाच वेळी वर. दिसायला भव्य, पण खेळणारा आणि वाजवणारा यांच्यातली देवाणघेवाण त्यात राहिलेली नसते. आता तर गावच्या शाळेतही पेनड्राइव्हवरच्या गाण्यावर लेझीम बसवतात. त्यामुळे सगळा दोष स्टेडियमवर ढकलता येणार नाही.

नुसत्या भव्यतेत बीजिंगचा हात धरणारं कोणी नाही. ८ ऑगस्ट २००८ रोजी झांग यिमोऊ या चित्रपट दिग्दर्शकाने २००८ वादकांकडून प्राचीन ‘फोऊ’ हे तालवाद्य वाजवून घेतलं, मैदानभर चित्रांची गुंडाळी उलगडली, मुद्रणाचे खिळे माणसांच्या हालचालींतून जिवंत केले. कलाकारांत लष्करी जवानांचा भरणा मोठा होता, शिस्त तिथूनच आली होती. नंतर एकेक गोष्ट बाहेर आली. लाल झग्यात गाणारी चिमुरडी फक्त ओठ हलवत होती, आवाज दुसऱ्याच मुलीचा होता, कारण ती मुलगी दिसायला पुरेशी गोंडस नाही असं ठरलं होतं. चीनच्या ५६ वांशिक गटांचे पोशाख घालून राष्ट्रध्वज घेऊन आलेली मुलं प्रत्यक्षात बहुतेक हान समाजाचीच होती. असे पोशाख घालून कार्यक्रम करणं आमच्याकडे नेहमीचंच, असं उत्तर अधिकाऱ्यांनी दिलं. खरं सांगायचं तर आपल्याकडेही ते नेहमीचंच आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात बंजारा नृत्य बसवतात तेव्हा काच-कवड्यांची फेटिया-कांचळी भाड्याने आणतात, आणि ती घालणारी पोर तांड्यावरचीच असेल असं नाही. शाळेत ते चालून जातं. सरकार जेव्हा तेच दाखवून ‘आमच्याकडे सगळे सुखात नांदतात’ असं जगाला सांगतं, तेव्हा पोशाखाच्या आत कोण आहे हे विचारावंच लागतं.

२०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये हा प्रश्न दोन बाजूंनी आला. उद्‌घाटनात चीनमधल्या कोरियन अल्पसंख्याकांची प्रतिनिधी म्हणून एक स्त्री हानबोक घालून आली, आणि दक्षिण कोरियात गदारोळ झाला की आमचा पोशाख तुम्ही तुमचा म्हणून कसा मिरवता. दुसरीकडे, शेवटची मशाल ज्या दोन खेळाडूंनी ठेवली त्यांत एक उइघुर मुलगी होती. शिनजियांगमध्ये उइघुरांचं काय चाललं आहे याची चर्चा जगभर तापलेली असतानाच ही निवड झाली होती.

या बाबतीत सर्वांत जुनी आणि सर्वांत लाजिरवाणी नोंद अमेरिकेच्या नावावर आहे. १९०४च्या सेंट लुईस ऑलिंपिकला जोडून जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथे ‘नमुने’ म्हणून आणून ठेवलेल्या आदिवासींना ऑगस्टमध्ये दोन दिवस धावायला, गोळा फेकायला लावलं. ना सराव, ना नियमांची नीट ओळख. मग त्यांचे आकडे गोऱ्या खेळाडूंच्या आकड्यांशेजारी मांडून वंशश्रेष्ठतेचे निष्कर्ष काढले गेले. १९७६च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकच्या समारोपात मूळ रहिवाशांच्या बरोबरीने शेकडो बिगर-आदिवासी नर्तक अंगाला रंग फासून आणि पिसं खोवून नाचले. त्याच कॅनडात १९८८च्या कॅल्गरी हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी मात्र लोकांनी यजमानाला अडवलं. उत्तर अल्बर्टातल्या लुबिकन क्री समाजाच्या जमिनीवर तेलविहिरी खोदल्या जात होत्या आणि त्यांचा जमिनीचा दावा वर्षानुवर्षं लोंबकळत होता. अशा वेळी ग्लेनबो संग्रहालयाने मूळ रहिवाशांच्या कलेचं मोठं प्रदर्शन भरवलं, आणि प्रायोजक होती शेल ही तेल कंपनी. लुबिकन लोकांनी बहिष्कार पुकारला. काही परदेशी संग्रहालयांनी वस्तू उसन्या द्यायला नकार दिला. प्रदर्शन झालं, पण वाद तिथेच थांबला नाही. मूळ रहिवाशांची संघटना आणि कॅनडाची संग्रहालयं यांनी एकत्र बसून १९९२ साली नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. पाहण्यात आलेल्या उदाहरणांत मला हे सर्वांत महत्त्वाचं वाटतं. सोहळा संपल्यावर काहीतरी कागदावर उरलं, असं फार कमी वेळा झालं आहे.

पुढच्यांनी यातून शिकून थोडं बरं केलं. सिडनीत २००० साली उद्‌घाटनातला आदिवासींचा भाग ऱ्होडा रॉबर्ट्स आणि स्टीफन पेज या आदिवासी कलाकारांच्याच हाती होता, वाळवंटी भागातल्या स्त्रिया स्वतः नाचायला आल्या होत्या, आणि ज्योत पेटवली कॅथी फ्रीमनने. पुढे तिने ४०० मीटरचं सुवर्णही जिंकलं. व्हँकुव्हरला २०१० साली ज्यांच्या परंपरागत भूमीवर स्पर्धा झाल्या ते चार समाज अधिकृत यजमान भागीदार होते, त्यांचे प्रमुख मानाच्या जागी बसले. तरी गोची झालीच. स्पर्धेचं बोधचिन्ह म्हणून निवडला तो इनुक्शुक, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांचा दगडी माणूस. त्याचा व्हँकुव्हरच्या किनाऱ्याशी काही संबंध नव्हता. वाशिममध्ये स्पर्धा भरवून वारली चित्रं लावावीत असला हा प्रकार. आपल्याकडे हे रोज घडतं, वारली चित्रं नागपूरच्या उड्डाणपुलाखालीही दिसतात.

जपानने आपल्या परंपरेची प्रतिष्ठा सर्वांत काळजीपूर्वक सांभाळली, पण गंमत तिथेही झाली. १९९८च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकच्या उद्‌घाटनात सूमोचा पवित्र प्रवेशविधी योकोझुना अकेबोनोने केला. तो जन्माने हवाईचा, दोनच वर्षांपूर्वी जपानी नागरिक झालेला. यात मला काही वावगं दिसत नाही. कला ज्याने साधली त्याची ती होते. पण २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकच्या उद्‌घाटनात काबुकी नट होता, जुन्या काळचे सुतार होते, आणि ज्यांची संस्कृती जपानने शतकभर दडपली त्या आइनू लोकांचं नृत्य मात्र कार्यक्रमातून गळलं. ते झालं दूर साप्पोरोत, मॅरेथॉनच्या वेळी. कोणाला मुख्य मंचावर घ्यायचं आणि कोणाला बाजूच्या, हे ठरवणारा हात दिसत नाही, पण असतो.

रंगमंचापेक्षा बाजारातली गोष्ट अधिक उघडीवाघडी असते. २०१४च्या फुटबॉल विश्वचषकाचे काही सामने ब्राझीलच्या साल्वादोर शहरात होते. तिथे पांढऱ्याशुभ्र घेरदार पोशाखातल्या बाया रस्त्याकडेला पामतेलात आकाराझे तळतात. चवळी भिजवून, साल काढून, वाटून केलेले हे वडे. आमच्याकडच्या बरबटीच्या वड्यांची पद्धत जवळपास तीच, फक्त तेल वेगळं आणि आत भरतात ते झिंगे. या बायांचा धंदा खुद्द ब्राझील सरकारने राष्ट्रीय वारशात नोंदवलेला. पण फिफाच्या नियमानुसार स्टेडियमच्या परिसरात अधिकृत प्रायोजकांखेरीज कोणी खाद्यपदार्थ विकायचे नाहीत. म्हणजे जाहिरातीत बाया हव्यात, स्टेडियमपाशी नकोत. बाया गप्प बसल्या नाहीत. सह्या गोळा केल्या, स्टेडियमच्या उद्‌घाटनाच्या दिवशी मोर्चा काढला, आणि अखेर त्यांच्यापैकी मोजक्या जणींना आत जागा मिळाली. २०१०च्या दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकात झाकुमी बिबट्याच्या बाहुल्या चीनमध्ये बनल्यावरून असाच ओरडा झाला होता. कतारने २०२२च्या विश्वचषकासाठी अल बैत स्टेडियम बेदुइन तंबूच्या आकाराचं बांधलं. तंबूचा आकार सगळ्यांनी पाहिला, तो उभा करणाऱ्या नेपाळी-भारतीय मजुरांबद्दल बोलायला मात्र पत्रकारांना झगडावं लागलं.

त्या मानाने बांगलादेशाने २०११च्या क्रिकेट विश्वचषकाच्या उद्‌घाटनात केलेली गोष्ट मला फार आवडते. चौदा संघांचे कर्णधार ढाक्याच्या स्टेडियममध्ये आले ते रंगवलेल्या सायकलरिक्षांतून. राजवाड्यातलं काही नाही, रस्त्यावरचंच. ढाक्यातली रिक्षा आणि तिच्यावरची चित्रकला युनेस्कोच्या यादीत आली ती त्यानंतर बारा वर्षांनी.

कार्यक्रमात शोभा म्हणून जाण्यापेक्षा परंपरेने स्पर्धेतच उतरणं, हा दुसरा रस्ता. जपानने १९६४ला ज्युदो ऑलिंपिकमध्ये आणला आणि त्यासाठी बुदोकान बांधलं. तिथेच खुल्या गटात डचमन अँटन गीसिंकने जपानी मल्लाला हरवलं. पुढे निळा पोशाखही त्याच गीसिंकच्या आग्रहाने आला, जपानची नाराजी असतानाही. खेळ जगाचा करायचा म्हणजे त्याच्यावरचा हक्क सोडायचा, हे जपानला त्यातून कळलं. इंडोनेशियाने २०१८च्या जकार्ता एशियाडमध्ये हिशोबी वाट धरली. आपला पेनचाक सिलाट घेतला आणि १६ पैकी १४ सुवर्णं स्वतःच जिंकली. यजमानाला परंपरेतून पदकं काढता येतात, त्याचा यापेक्षा उघड नमुना नसेल. आपली कबड्डी १९८२च्या दिल्लीत प्रदर्शनापुरती होती, १९९०च्या बीजिंगमध्ये पदकाचा खेळ झाली. त्यामागे शंकरराव ऊर्फ बुवा साळवींसारख्यांची अनेक वर्षांची खटपट होती. १९९० ते २०१४ पुरुषांची सगळी सुवर्णं भारताची. मग त्याच जकार्तात इराणने पुरुषांना उपांत्य फेरीत आणि महिलांना अंतिम फेरीत हरवलं. इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. माझ्या मते कबड्डी खऱ्या अर्थाने तेव्हा आंतरराष्ट्रीय झाली.

खो-खोचं अजून तिथवर आलेलं नाही. जानेवारी २०२५ला दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. दोन्ही विजेतेपदं भारताची, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. अंतिम सामन्यांत दोन्हीकडे समोर नेपाळ. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नियमात बांधलेला हा खेळ आता मॅटवर, दिव्यांखाली, ‘वझीर’ नावाच्या दोन्ही दिशांना पळणाऱ्या खेळाडूसह खेळला जातो. मातीतल्या खो-खोत वाढलेल्यांना वझीर खटकतो. मला नाही खटकत. मुरमाड पटांगणावर गुडघे फोडून घेतलेली पोरं मॅट मागतात तेव्हा त्यांना परंपरेचं प्रवचन देण्यात अर्थ नाही. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा फेब्रुवारी २०१९मध्ये मुंबईत शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात झाली. १५ देशांतले खेळाडू आले होते. तिथे ना सरकारी चित्ररथ होते, ना फुगे. उदय देशपांडे यांच्यासारख्या शिक्षकांनी वर्षानुवर्षं परदेशी पोरांना दोरी आणि खांब शिकवला, म्हणून ती स्पर्धा होऊ शकली. १९३६च्या अमरावतीकरांशी नातं सांगायचं तर ते या लोकांनी सांगावं. किरगिझस्तानने २०१४ला सुरू केलेले भटक्यांचे जागतिक खेळ याच वाटेवरचे. तिथे घोड्यावरचे खेळ आणि शिकारी गरुड हाच मुख्य कार्यक्रम असतो.

आमच्या पट्ट्यातल्या कित्येक गोष्टींना मात्र हे दोन्ही रस्ते बंद आहेत. दंडार हे लोकनाट्य, ती रात्रभर चालते, तिला चार मिनिटांत कापलं तर उरतो तो नुसता आरडाओरडा. शंकरपटावर, म्हणजे बैलांच्या शर्यतींवर, २०१४ला बंदी आली, २०१७ला राज्याने कायदा बदलला, २०२१ला न्यायालयाने वाट मोकळी केली आणि मे २०२३मध्ये घटनापीठाने शिक्कामोर्तब केलं. तरी कुठलाही आंतरराष्ट्रीय सोहळा पळणाऱ्या बैलांच्या जवळ फिरकणार नाही, आणि पटकऱ्यांनाही त्याची फिकीर नाही. लेंगी होळीची, तिच्यातल्या कित्येक ओळी परक्यासमोर म्हणायच्या नसतात. बंजारा पेहराव मात्र नक्की जाईल, कॅमेऱ्याला तो हवाच असतो. पोहरादेवीला ऑक्टोबर २०२४मध्ये बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्‌घाटन झालं, त्यामुळे आता निवड करणाऱ्यांना पत्ताही सापडेल.

लोककलेची पथकं सरकारी वाटेने बाहेर जातात ती मुख्यतः क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रांमार्फत, आणि आपल्यासाठी ते केंद्र नागपूरला आहे, दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र. अहमदाबादसाठी विचारणा झालीच तर ती तिथूनच खाली येईल, बहुधा घाईत, अमुक इतक्या मुली आणि अमुक रंगाचे घागरे अशा मापात. गावकऱ्यांनी तेव्हा मानधन आणि प्रवासखर्च विचारावा हे आलंच. त्याआधी विचारायचं ते हे, की डफडं आमचं वाजणार का तुमची फीत, नाच कोण बसवणार, आणि पोशाखात आमच्याच पोरी असणार की सरावाला सोपं पडतं म्हणून अहमदाबादेतल्या एखाद्या कॉलेजच्या. सिडनीत आणि व्हँकुव्हरमध्ये हे प्रश्न आधी विचारले गेले होते. साल्वादोरच्या वडेवाल्यांनी ते उशिरा विचारले, तरी काही जणींना आत जागा मिळाली.